पुनवेचा हसुराम

“हसुराम घरत यांना काळोखाची भीती वाटत असे.”

त्यांच्या शोकसभेत मी एवढे एकच वाक्य बोललो आणि माझ्या हातातला ध्वनिक्षेपक काढून घेण्यात आला. काढून घेणारा आमच्याच शाळेचा माजी विद्यार्थी. आता तो खारघरला इमारती बांधतो आणि पनवेलात सभांचे अध्यक्षस्थान भूषवतो. “कर्णिक सरांचं वय झालंय, त्यांना भावना आवरत नाहीयेत,” असे त्याने सभेला सांगितले. वय झाले आहे, हे मान्य. भावना मात्र पूर्णपणे आवरलेल्या होत्या. मी आयुष्यभर मराठी शिकवली. बोलणे पुरे केल्याशिवाय खाली बसण्याची मला सवय नाही, आणि ते तर माझे पहिलेच वाक्य होते. पुढची वाक्ये येथे लिहितो. कागद कोणी हातातून काढून घेत नाही.

त्या सभेत काय काय ऐकावे लागले! अध्यक्ष म्हणाले, “सरांच्या शब्दकोशात भीती हा शब्दच नव्हता.” घरतांजवळ शब्दकोश नव्हता. मी एकदा भेट दिला होता, तो त्यांनी डुगडुगणाऱ्या कॅरमबोर्डाखाली टेकू म्हणून लावला. त्यांचा पुतण्या म्हणाला की, काकांनी देवीला नवस केला होता, म्हणून त्यांच्या घरी रात्रभर दिवा जळे. नवस वगैरे काही नव्हते. जळत होता तो भिंतीवरचा पिवळा बल्ब. निवृत्त झालेल्या एका बाई डोळे पुसत म्हणाल्या की, सरांना लहानपणी कोणीतरी मिठाच्या कोठारात कोंडले असावे. हे “असावे” फार सोयीचे क्रियापद आहे. आणि शेवटी एका सद्गृहस्थांनी सांगून टाकले की, दृष्टी गेल्यानंतर घरत सरांना अंतर्दृष्टी प्राप्त झाली आणि ते निर्भय झाले. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत, हेही आता सांगावे लागते.

सभा संपल्यावर पहिल्या रांगेतून जानकीवहिनी, म्हणजे घरतांच्या पत्नी, उठून माझ्याकडे आल्या. मला वाटले, रागावणार. त्या म्हणाल्या, “सर, तुमी बोललात ता खरा हाय. मग अर्धाच का बोललात?”

“माइक काढून घेतला, वहिनी.”

“मग लिवा. तो कालोखाशी कसा लरला, ता पन लिवा. ही लोका त्याला फुकटचा शूर करून टाकतान.”

तेव्हा हे लेखन वहिनींच्या अनुज्ञेने आहे. कोणास आक्षेप असेल, त्याने त्यांच्याशी बोलावे. धैर्य असेल तर.

घरत आमच्या शाळेत शारीरिक शिक्षण शिकवीत. पनवेल आणि उरण यांच्या मधल्या एका खाडीकाठच्या गावचे. वाडवडील भातशेती आणि मिठागरे करणारे. उंची अशी की वर्गाच्या दारातून शिरताना मान लववावी लागे. आवाज असा की त्यांनी मैदानावर “सावधान” म्हटले की रस्त्यापलीकडच्या न्हाव्याचे गिऱ्हाईक खुर्चीत ताठ होई. पांढरी शुभ्र विजार, गळ्यात शिट्टी, आणि विजारीच्या दोन्ही खिशांत एकेक बॅटरी. होय, दोन. भर दुपारी बारा वाजतादेखील. दर सोमवारी ते शिक्षकखोलीच्या कोपऱ्यात पाठमोरे उभे राहून दोन्ही बॅटऱ्यांचा उजेड तळहातावर पाडून पाहत. सदऱ्याच्या खिशात काडेपेटी असे. त्यावरून सहकाऱ्यांनी ठरवून टाकले होते की, घरत चोरून विड्या ओढतात. घरतांनी आयुष्यात विडी ओढली नाही; परंतु या आरोपाचा इन्कारही कधी केला नाही. विडी ओढणारा शिक्षक वाईट असतो, पण समजण्यासारखा असतो, एवढा हिशेब त्यांनी केला होता.

कोणत्याही खोलीत शिरताना त्यांचा डावा हात आधी आत जाई आणि बटण शोधी. घरत मागाहून जात. संध्याकाळ व्हायला लागली की बोलता बोलता त्यांची नजर खिडकीकडे वळे. भरती मोजणाऱ्या माणसाप्रमाणे ते उजेड मोजीत. मग एकदम उठत. “चला, ड्युटीची वेळ झाली,” असे म्हणत. आम्हांला वाटे, घरी काही काम असेल. पुष्कळ वर्षांनी मला त्यांनी अर्थ सांगितला. “रात म्हंजे ड्युटी, सर. सकालपर्यंत सोरत नाय.”

हे मला कसे कळले, ते आधी सांगतो, कारण “कर्णिकांना काय ठाऊक?” असेही कोणी म्हणेल.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत घरत महिन्यातून एकदा आमच्या घरी चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, पाठवीत. नांग्या गवताच्या काडीने आवळलेल्या, टोपलीत ओला चिखल, सर्व व्यवस्थित. आम्ही कायस्थ, माशाच्या बाबतीत आमच्या घरी भिडेला स्थान नाही. आमच्या आईने पहिल्याच खेपेस एक चिंबोरी हातात तोलली, पोटावर अंगठा दाबला आणि म्हणाली, “पोकळ.” दुसऱ्या महिन्यात पुन्हा पोकळ. तिसऱ्या महिन्यात आई म्हणाली, “अरे, तो तुझा मित्र आगरी ना? खाडीकाठचा ना? मग पौर्णिमेच्या चिंबोऱ्या कशा धरतो?”

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या भागात चिंबोरी खावी ती अवसेची. काळोख्या रात्रींत ती भरते. चांदण्यात ती आतून रिकामी होते, असे इकडे सगळेच मानतात. म्हणून खाडीकाठची माणसे अमावास्येच्या सुमारास हातात दिवा घेऊन चिखलात उतरतात. पौर्णिमेला चिंबोऱ्या धरणे म्हणजे पावसाळा उरकल्यावर पेरणी करणे. हे तेथल्या पोराटोरांनाही कळते. आणि घरत तर त्या गावात जन्मलेले.

दुसऱ्या दिवशी मी शिक्षकखोलीत सरळ विचारले. मी आडवळणाने विचारणारा माणूस नव्हे.

“घरत, चिंबोऱ्या पौर्णिमेच्या का आणता?”

खोलीत चार माणसे होती. घरतांचा चेहरा पडला, मग ते मोठ्याने हसले. “अवसेला गिऱ्हाईक लय, सर. तुमाला उरलेल्या.” सगळे हसले. मीही हसलो असतो. परंतु त्यांचा हात सदऱ्याच्या खिशावर, काडेपेटीवर, गेलेला मला दिसला.

त्या संध्याकाळी ते मला तळ्याच्या कट्ट्यावर घेऊन गेले. दिव्याच्या खांबाखालची जागा निवडली. मग शाळेतली भाषा सोडून गावच्या भाषेत म्हणाले, “गावात मना पुनवेचा हसुराम बोलतान. आवस आली का सगली खारीवर, चिखलात जातान, मी पोट धरून बसतो. मग पुनवेला जातो एकटा. चांदना असतो ना.”

“कशाची भीती? भुताची?”

“भूत असता तर बरा झाला असता. भुताला नारल देता येतो.”

“मग?”

“कालोखाची. त्यात काय नाय, त्याचीच.”

मी सुशिक्षित माणसाला शोभेल असा प्रश्न केला, की लहानपणी काही घडले होते का. त्यावर ते जे म्हणाले, ते कोठारवाल्या बाईंनी नीट वाचावे.

“काय झाला नाय, सर. कोनी कोंडला नाय, कोनी मारला नाय. बाप माझा देवमानूस. मी जल्मलो तसाच. तुमचा नाक लांब हाय, त्याचा कारन तुमी सांगताव काय?”

माझे नाक लांब नाही, सरळ आहे. पण मुद्दा मला पटला.

त्या कट्ट्यावर त्यांनी सांगितले की, काळोख झाला की त्यांना आपण कोठे संपतो ते कळत नाही. हात आहे की नाही, भिंत किती दूर आहे, हेच कळेनासे होते. आणि मग छातीवर कोणीतरी झाकण ठेवल्यासारखे होते. “खोली लहान व्हायला लागते. उजेडात तीच खोली केवढी ऐसपैस!” दिवसा मैदानावर पाचशे पोरांना एका शिट्टीत उभे करणारा हा माणूस रोज संध्याकाळी एका डबीत बंद होई आणि सकाळी कोणी झाकण उघडील याची वाट पाही. त्या काळी आमच्याकडे वीज वरचेवर जात असे. वीज गेली की वहिनी शेजारी येऊन बसत आणि कांदा चिरायला घेत. कांदाच का? तर विळीचा आवाज येत राहतो, म्हणून. घरतांच्या घरी कांद्याची भाजी फार होत असे, याचे मर्म हे आहे.

सहलीतील गाण्यांची आठवण सभेत तीन जणांनी काढली. मुंबई–पुणे रस्त्यावर बोगदा आला की घरत सर गाडीत उभे राहत आणि ओरडत, “म्हणा रे गाणं! आवाज नाय आला तर खाली उतरवीन!” मुले जिवाच्या आकांताने गात. “काय तो सरांचा उत्साह!” असे अध्यक्ष म्हणाले. मी त्या गाडीत घरतांच्या शेजारी बसत असे. उत्साह म्हणतात तो माणसाच्या चेहऱ्यावर दिसतो; घरतांचा चेहरा राखेसारखा झालेला असे आणि वरची दांडी धरलेल्या हाताची नखे पांढरी पडलेली असत. मुलांचे आवाज चारी बाजूंनी आले म्हणजे गाडीच्या भिंती कोठे आहेत ते त्यांना कळे. बोगदा संपला की ते खाली बसत आणि म्हणत, “बस झाला. बेसूर गाढवांनो.”

आता सामानाच्या खोलीची हकीकत. ती अध्यक्षांनी फार रंगवून सांगितली. सर खेळाच्या सामानाच्या खोलीत चुकून कोंडले गेले, तर घाबरायचे सोडून त्यांनी आतल्या आत प्रजासत्ताकदिनाच्या संचलनाचा सराव केला! असा पुरुष! असा शिक्षक!

ही गोष्ट मी रचलेली आहे. चांगली रचली आहे. इतकी वर्षे एक टाकाही उसवलेला नाही. परंतु ती माझ्या मालकीची आहे आणि आज मी ती परत घेत आहे.

खरे घडले ते असे. ती खोली जिन्याखाली होती. खिडकी नाही, झरोका नाही, दिव्याचे बटण बाहेरच्या बाजूला. शाळा सुटल्यावर घरत आत गाद्या रचीत होते. खेळाच्या अर्ध्या चड्डीत होते. विजार, आणि तिच्याबरोबर दोन्ही बॅटऱ्या, शिक्षकखोलीत खुंटीला. सदरा आणि काडेपेटीही तेथेच. शिपायाने आत कोणी नाही असे समजून बटण बंद केले, कडी घातली आणि तो घरी गेला. मी वरच्या मजल्यावर उत्तरपत्रिका तपासत बसलो होतो. मैदान रिकामे, वर्ग रिकामे, आणि खालून आवाज, “सावधान! डावा-उजवा! डावा-उजवा! थांब! सावधान!”

मी खाली गेलो. आवाज दाराआडून येत होता. कडी काढली, बटण दाबले. घरत गाद्यांच्या मध्ये ताठ उभे होते. टाचा जुळलेल्या, मुठी मांड्यांना चिकटलेल्या, नजर समोरच्या भिंतीवर. अंग घामाने असे भिजलेले की पायांखालची फरशी ओली. दार उघडले, उजेड आला, मी समोर उभा राहिलो; ते हलले नाहीत. डोळ्यांची पापणीही नाही. मी त्यांना नावाने हाक मारली. हलले नाहीत. तेव्हा मला उमगले की हा माणूस स्वतःच्याच आज्ञेखाली उभा आहे आणि ती मोडली तर आपण मोडू असे त्याला वाटते आहे. कवायतीचे मला फारसे ज्ञान नाही. पण एवढे होते. मी म्हणालो, “विश्राम.”

मग ते खाली बसले.

“ती एक ऑर्डर मना देता येत नव्हती,” थोड्या वेळाने ते म्हणाले. “बाकी सगल्या दिल्या.”

दुसऱ्या दिवशी मी शिपायाला जाब विचारला आणि त्याने बोभाटा केला. शिक्षकखोलीत सगळे विचारू लागले. घरत माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, “संचलनाचा सराव चालला होता. मी ऐकला. उत्तम होता.” त्यातले “मी ऐकला” आणि “उत्तम होता” हे दोन्ही अक्षरशः खरे आहे.

वर्षे गेली. आम्ही दोघे निवृत्त झालो. विमानतळासाठी त्यांचे गाव उठले. चिंबोऱ्यांची खाडी भरावाखाली गेली, घरे गेली, आणि भावकीतल्या तंट्यांतून वाट काढीत घरत एका उंच इमारतीच्या चौथ्या मजल्यावर राहायला आले. वहिनींना बाल्कनी आवडली. घरतांनी पहिल्या दिवशी जिना पाहिला. उद्वाहकाच्या, म्हणजे लिफ्टच्या, मागे, चहूबाजूंनी बंद, दिवसाही दिव्याशिवाय काही दिसू नये असा. “सर, बांधनाऱ्याने मलाच डोल्यासमोर ठेवून बांधलाय,” ते म्हणाले. ती इमारत आमच्या त्या अध्यक्षांची नव्हे, हे न्यायाने नमूद करतो.

आणि तेथेच, वर्षभराच्या आत, डोळ्यांना काचबिंदू असल्याचे निघाले. उशिरा निघाले. दोष कोणाचा नाही. घरतांना वाटत होते की नवे घरच अंधारे आहे आणि ते बल्ब बदलीत राहिले. डॉक्टरांनी सांगितले की, नजर कडांकडून आत आत जाईल. थेंब घालून वेग कमी होईल. गेलेली परत येणार नाही.

मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. घरतांनी एकच प्रश्न विचारला. “डॉक्टर, आंधल्याला कालोख दिसतो का काहीच दिसत नाय?”

डॉक्टर तरुण होते, सहृदय होते. “आजोबा, इतकं निराश व्हायचं नाही,” असे म्हणाले. प्रश्न त्यांना कळलाच नाही. मला कळला. बाहेर रिक्षात बसल्यावर घरत म्हणाले, “बोगदा हाय, सर. फक्त याला पलीकडचा तोंड नाय.” आजवर त्यांचा प्रत्येक काळोख कोणीतरी संपवलेला होता: वीज परत आली होती, सकाळ झाली होती, मी कडी काढली होती. यापुढचा संपणारा नव्हता, आणि तो बाहेर नसून आत येऊन बसणार होता.

प्रश्नाचे उत्तर देऊ शकेल असा एकच माणूस मला ठाऊक होता. आमच्या जुन्या पेठेच्या मागे, मोहल्ल्यात, एक हाफिजसाहेब राहत. जन्मांध नव्हेत, तरुणपणी आखातात नोकरीला असताना दृष्टी गेली होती. मुलांना कुराण शिकवीत. मी घरतांना त्यांच्याकडे नेले. चहा झाला. घरतांनी तोच प्रश्न विचारला.

हाफिजसाहेब म्हणाले, “मास्तर, काळोख बघायला पण डोळे लागतात.”

वा! मला वाक्य अतिशय आवडले. मी घरतांकडे विजयाने पाहिले. घरत म्हणाले, “बोललात झकास. माझ्या कामाचा नाय.”

हाफिजसाहेब मोठ्याने हसले. “खरंय. हे मी लोकांना बोलायला ठेवलंय. लोक खूश होऊन जातात.” मग त्यांनी आवाज उतरवला. “खोटं कशाला बोलू? डर लागला. फार लागला. अजून पण कधी लागतो. मग अजान होते, नमाजचा टाइम होतो, उठावं लागतं. मग पोरं येतात, सबक घ्यावा लागतो. डर बसून राहतो आपल्या जागी. आपण उठतो.”

परतताना घरत म्हणाले, “हा मानूस बरोबर बोलला. टाइमटेबल पायजे.”

आणि त्यांनी वेळापत्रक केले. नजर अजून बरीच शिल्लक होती. रोज दुपारी चार वाजता मी त्यांच्याकडे जाऊ लागलो. वहिनींच्या जुन्या लुगड्याच्या जाड पट्टीने ते स्वतःचे डोळे बांधीत. शिट्टी माझ्या हातात देत. “तास संपला का शिट्टी मारा. आधी नाय.” शाळेचा तास नव्हे, सुरुवातीला तर पाच मिनिटांचा. पहिल्या दिवशी मी शिट्टी ओठांपाशी नेण्याच्या आत त्यांनी पट्टी ओरबाडून काढली आणि माझ्यावरच ओरडले, “शिट्टी का नाय मारलीत?”

“वेळ झाली नव्हती.”

“तुमी घड्याल बघताव! मना काय म्हाईत आत किती वाजले?”

“घरत, आवाज कमी करा. मी तुमचा विद्यार्थी नव्हे.”

“विद्यार्थी असता तर पट्ट्याने फोडला असता!”

स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाल्या, “भांडा. भांडलात का बरा. त्याला आवाज येतो.”

खरेच, भांडणाचा उपयोग होत असे. त्यामुळे मी पट्टी बांधलेल्या घरतांशी महाराष्ट्राच्या राजकारणापासून शुद्धलेखनापर्यंत सर्व विषयांवर भांडलो, आणि बहुधा जिंकलो. पुढे ते पट्टी बांधून चालू लागले. भिंतीला हात लावून खोलीभर, मग दाराबाहेर, मग त्या जिन्यावर. जिन्यावर पाय ठेवताना त्यांच्या तोंडून आपोआप निघाले, “डावा-उजवा.” पुतण्या म्हणतो, काका पायऱ्या मोजत. काका पायऱ्या मोजत नसत. मोजणाऱ्याला किती उरल्या याची चिंता असते. आज्ञा पाळणाऱ्याला फक्त पुढचा पाय टाकायचा असतो. हा भेद त्यांनी मला स्वतः समजावून दिला आहे.

एके दिवशी पट्टी बांधून झाल्यावर त्यांनी माझ्यापुढे हात पसरला. “शिट्टी द्या.”

“का?”

“आज मारू नका. पुढं कोन हाय मारनारा?”

मी शिट्टी दिली. त्यांनी ती गळ्यात घातली, सदऱ्याच्या आत टाकली आणि खुर्चीचे हात धरून बसले. त्या दिवशी मला भांडायलाही विषय सुचेना. ऊन बाल्कनीतून सरकत भिंतीवर चढले. त्यांच्या हनुवटीवरून घाम टपकत होता, ओठ हलत होते. दोनदा हात पट्टीपर्यंत गेला आणि खाली आला. देवापुढे दिवा लावायची वेळ झाली तेव्हा वहिनींनी येऊन मागून गाठ सोडली. शौर्य कशास म्हणतात हे ज्यांना शोकसभेत शिकवायचे होते, त्यांनी त्या खोलीत यायला हवे होते.

नंतर नजर गेली. सांगितले होते तशीच, कडांकडून आत. आणि “निर्भय झाले” हे वाक्य ज्या सद्गृहस्थांनी उच्चारले, त्यांना वहिनींचे तेव्हाचे शब्द ऐकवतो: “रोज राती मना उठवतान, विचारतान, जाने, बत्ती हाय ना? मी बोलते, हाय. मग बोलतान, बरा, तू झोप. मग ते बसून रातान.” ही निर्भयता नव्हे. ही ड्युटी.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. दुपारी, बाल्कनीत, पायांवर ऊन असताना. मी तेव्हा तेथे नव्हतो. मी त्यांना शेवटचे पाहिले ते त्याआधी काही आठवडे.

नेहमीप्रमाणे गेलो होतो. बोलता बोलता तिन्हीसांज झाली. घरतांना ती हवेवरून कळे. ते उठले, डावा हात भिंतीवर सरकवीत बटणापर्यंत गेले आणि त्यांनी ते दाबले. हे ते रोज करीत. मग विचारीत, “लागला?” आणि मी म्हणे, “लागला.”

त्या दिवशी लागला नाही. पंखाही थांबला. खालून कोणीतरी ओरडले की सगळ्या इमारतीची वीज गेली आहे, उद्वाहक बंद आहे. वहिनी देवळात गेल्या होत्या. मी काही म्हणण्यापूर्वीच घरत म्हणाले, “खोटा बोलू नका. पंखा बंद हाय.”

माझा मुलगा खाली गाडी घेऊन आला होता आणि फोन करीत होता. मी जिन्याच्या दारापर्यंत गेलो. आत डोळ्यांत बोट घातले तरी दिसू नये असा काळोख. मी घाबरलो नव्हतो. मला गुडघ्याची काळजी होती. ही वस्तुस्थिती आहे.

“थांबा,” घरत मागून म्हणाले. “मी सोरतो तुमाला खालपर्यंत.”

“तुम्ही? या अंधारात?”

“मना कनचा फरक परतो, सर?”

हेच वाक्य जिन्याच्या तोंडाशी उभ्या असलेल्या शेजाऱ्याने ऐकले आणि सगळीकडे पसरवले. अंतर्दृष्टी, निर्भयता, सारे त्यातून उगवले. शेजाऱ्याने वाक्य ऐकले. माझ्या मनगटावर घरतांचा हात होता, तो शेजाऱ्याच्या मनगटावर नव्हता. तो हात बर्फासारखा गार आणि ओला होता. काळोख त्यांच्या आत कायमचा होताच. पण बाहेरचाही पडला आहे हे त्यांना कळले होते, आणि त्यांना त्याचा फरक पडत होता. पुरेपूर पडत होता. तरी ते माझ्या पुढे झाले.

“डावा,” ते म्हणाले. मी डावा पाय खाली टाकला. “उजवा.” मी उजवा टाकला. त्या बंद जिन्यात त्यांचा आवाज भिंतींवर आपटून परत येत होता आणि भिंती कोठे आहेत ते मलाही कळत होते. वळणावर ते म्हणत, “सावकाश, कर्णिक. रांग मोरू नका.” इतक्या वर्षांत त्यांनी मला प्रथमच “सर” न जोडता हाक मारली. मी दुरुस्ती केली नाही.

खाली गाडीचे दिवे लागलेले होते. मी म्हणालो, “घरत, वीज येईपर्यंत खाली बसा. वहिनी येतील.”

“ती येयाच्या आत वर जातो. घर उघरा हाय.”

ते वळले. गाडीच्या उजेडात त्यांची पांढरी विजार, तशीच कडक इस्त्रीची, जिन्याच्या तोंडापाशी क्षणभर दिसली. डावा हात चौकटीवर गेला, नेहमीच्या सवयीने बटण शोधत, आणि रिकामाच खाली आला. मग ते आत शिरले आणि दिसेनासे झाले.

आवाज मात्र वर जात राहिला. “डावा-उजवा. डावा-उजवा.” पहिला मजला, दुसरा. मुलगा म्हणाला, “बाबा, बसा ना.” मी हात वर करून त्याला गप्प केले. तिसऱ्यावर आवाज चिरकला, थांबला आणि पुन्हा सुरू झाला. मग खूप वरून, अगदी लहान होऊन, “थांब!” आणि त्यानंतर, “सावधान!”

मी वाट पाहिली. पुढची आज्ञा येईना. दार वाजल्याचा आवाज येईना. तो चौथ्या मजल्यावर, बंद जिन्यात, टाचा जुळवून उभा होता, हे मला खालून दिसत होते. रखवालदार माझ्याकडे बघत होता. बघू दे. मी जिन्याच्या तोंडाशी गेलो, छाती भरून श्वास घेतला आणि त्या काळोखात वर पाहून, या वयात निघेल तेवढ्या मोठ्या आवाजात म्हणालो, “विश्राम!”

वर दार लागले.